मदत हवी आहे : पीडी-१ मधला नर-मादी फरक खरा, की पेशींनी घातलेला घोळ?

मंडळी, पीएचडीचं तिसरं वर्ष. सोमवारी लॅब मीटिंग आहे. हाती आलेला निकाल गाईडना फार आवडलाय, माझी मात्र झोप उडालीय.

ब्लॅक-६ जातीच्या उंदरांपैकी ५ नर आणि ५ माद्यांना एमबी४९ (मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशी) कातडीखाली टोचल्या. पंधराव्या दिवशी गाठी काढून फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा मोजणारी चाचणी) केली. पीडी-१ आणि टिम-३ (थकव्याची खूण असलेली प्रथिनं) दोन्ही मिरवणाऱ्या, म्हणजे थकलेल्या सीडी८ पेशी (गाठीशी लढणाऱ्या टी पेशी) नरांत चांगल्याच जास्त. गाठीही मोठ्या. एफएमओ (एकेक रंग वगळून केलेले कंट्रोल) लावले होते, गेटिंग (पेशी निवडण्याच्या सीमा) तीनदा तपासलं.

गाईड म्हणतात, "अपेक्षितच!" टी पेशींतला अँड्रोजन रिसेप्टर (पुरुषी हार्मोनचा संदेश घेणारं प्रथिन) त्यांना थकव्याकडे ढकलतो, असे पेपर २०२२ मध्ये आलेच. माणसांतही हा कर्करोग पुरुषांना बायकांच्या तिप्पट-चौपट होतो, आणि सगळं खापर सिगारेटवर फोडता येत नाही.

पण एमबी४९ मुळात नर उंदराच्या पेशी! मादीला वाय गुणसूत्राची प्रथिनं परकीच. स्वतःच्याच जातीच्या नराची त्वचा माद्या झिडकारतात, हे १९५५ पासून माहीत आहे. मग गाठी लहान राहिल्या त्या हार्मोनमुळे की या एच-वायमुळे (वायच्या परक्या प्रथिनांमुळे)? आणि गाठच लहान म्हटल्यावर पीडी-१ कमी दिसणारच की.

त्यात जुन्या कल्चरमध्ये वाय गळून जातो. फ्रीझरमधल्या आमच्या कुपीवरचा पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्याने वाढवल्या तो आकडा) तर पार पुसलाय. काय करू?

प्रतिसाद १
आधी पीसीआर. यूटीवाय आणि केडीएम५डी ही वायवरची दोन्ही जनुकं लावा, एकाच जनुकावर विसंबू नका. मादीचा डीएनए निगेटिव्ह कंट्रोल. वाय नसेल तर एच-वायची भीती गेली. असेल तर नरांची तुलना नरांशीच करा : काही खच्ची केलेले, काही नुसतेच चिरून शिवलेले. एमसी३८ (आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी) मादीपासूनची आहे, तीही एकदा लावून बघा. आणि हो, सारख्या वजनाच्या गाठीच शेजारी ठेवा. पाच-पाच उंदरांत तेवढ्या जोड्या मिळतील का, शंकाच आहे.

धागाकर्ता
आभार! जोड्या दोनच जुळल्या, आणि त्यांत फरक अगदीच किरकोळ. प्राइमर मागवलेत. खच्चीकरणासाठी एथिक्स कमिटीकडे नव्याने अर्ज करावा लागेल, म्हणजे दोन महिने गेलेच. सोमवारी स्लाइडवर 'प्राथमिक' लिहितो आणि गाठींची वजनं आधी दाखवतो.