पुढे उभं राहूनही शब्द का कळत नाहीत

मैदानावरच्या कॉन्सर्टला स्टेजसमोरच्या रेलिंगला अगदी चिकटून उभं राहूनही गायकाचे शब्द का कळत नाहीत, असा प्रश्न आहे. मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीवर असतो. पुढच्या रांगेला ड्रम आणि गिटारचे ॲम्प (आवाज वाढवणारे स्टेजवरचे स्पीकर) थेट ऐकू येतात, गळा मात्र हरवतो. स्टेजच्या पुढच्या कडेला छोटे स्पीकर लावले असतील तरच तिथे उभं राहण्यात अर्थ. नाहीतर मिक्सिंग डेस्कच्या, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलाच्या, थोडं पुढे थांबा, साऊंड इंजिनीअर तिथलंच ऐकून आवाज जमवतो. स्टेजसमोर अगदी मधल्या रेषेत बास (खालचे, जड सूर) फार साचतो, म्हणून दोन-तीन पावलं बाजूला.

गोव्यात किनाऱ्यालगतच्या मैदानावर वाराही बघावा लागतो. वारा स्टेजच्या दिशेने वाहत असेल तर आवाज वर वळतो आणि मागे विरळ पोचतो. अशा वेळी पुढे सरका.

कानांची काळजी खरंच घ्या! १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं. कानात घालायचे फोमचे बोळे वरच्या पट्टीचे सूर जास्त खातात. वादकांसाठीचे फिल्टरवाले घ्या, सगळं संगीत सारखं हळू होतं.

उघड्यावर रात्री १० नंतर लाऊडस्पीकरला सहसा बंदी असते, तेव्हा लवकर पोचा.