जुना कामगार माजत नाही, त्याचं लक्ष सुटतं. दंड लावून ते परत येत नाही

मुलुंडचा फिटर
परवा इथे एकाने लिहिलं होतं, "दहा-पंधरा वर्षं एकच काम केलेला माणूस माजतो. दर तासाला रजिस्टरवर सही घ्या, डोक्यावर कॅमेरा लावा, चुकला की पगार कापा. आठवड्यात सरळ होईल." खाली पन्नास जणांनी वाहवा केली. तिथे दोन ओळींत मावणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, नवा पोरगा बसतो तेव्हा जीव मुठीत धरून बसतो. वर्षभराने तेच काम हात आपोआप करतात आणि डोकं मुलीच्या फीच्या हिशोबात असतं. याला माज म्हणायचं? ब्रिटिश संशोधक नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रयोग छापला. रडारवरच्या पोरांच्या नजरेतून खुणा का निसटतात, हा त्यांचा प्रश्न. माणसाला एका काट्यासमोर बसवायचं. काटा एकेक घर पुढे सरकतो, मध्येच कधीतरी दोन घरं उडी मारतो, ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच पकड ढिली पडली. अर्ध्या तासात कोणाला माज चढतो?

सह्यांचं काय होतं ते शॉपमध्ये उभा राहिलेला प्रत्येक जण जाणतो. शिफ्ट सुटताना एकाच पेनाने आठही सह्या होतात. ४ मार्चला सुरक्षा दिनाचा बॅनर लागतो, शपथ होते, समोसे वाटले जातात आणि ५ तारखेला मशीन तशीच चालते. त्यापेक्षा दर दोन तासांनी माणसाचं काम बदला. तपासणीचा क्रम अधूनमधून उलटा करा. विमानतळावरच्या एक्स-रे मशीनमध्ये मुद्दाम खोटी शस्त्रं दाखवतात, तसे खोटे बिघाड पेरा. जपानी रेल्वेचा चालक सिग्नलकडे बोट करून तो मोठ्याने उच्चारतो. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने केलेल्या चाचणीत १०० कृतींमागे चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या. यात दंडाचा एक पैसा नाही.

रबाळे शिफ्ट इन्चार्ज
फिटरसाहेब, काटा आणि रडार राहू द्या. आमच्याकडचा सगळ्यात जुना ऑपरेटर, ज्याला आम्ही सगळे काका म्हणायचो, त्याने गार्डचा, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला असलेल्या जाळीचा, लिमिट स्विच तारेने बांधून ठेवला होता. जाळी उघडली की प्रेस थांबवणारा स्विच तो. गार्ड उघडा, प्रेस चालू. दोन बोटांची पेरं गेली. त्याचं लक्ष सुटलं नव्हतं हो, पूर्ण लक्ष देऊन, पक्कड घेऊन त्याने ती तार पिळली होती. त्याच्या बायकोला फोन मी केला. तिला काय सांगायचं होतं, माणसाचं डोकं अर्ध्या तासात थकतं म्हणून?
नवा पोरगा असं करत नाही, घाबरतो. पंधरा वर्षांत काही झालं नाही म्हणून काकाने तार बांधली. याला मी माजच म्हणतो.

मुलुंडचा फिटर
तार बांधणं हे लक्ष सुटणं नाही, एवढं तुमचं मान्य. पण ती तार किती दिवस होती? तुमचे राउंड होत होते ना? गार्ड लावून तासाला जेवढे पीस निघतात, त्यापेक्षा जास्त टार्गेट बोर्डावर कोणी लिहिलं होतं?

रबाळे शिफ्ट इन्चार्ज
म्हणजे बोटं मी तोडली? नीट बोला. त्या बोर्डावर मी आकडा लिहीत नाही, वरून येतो.

ठेक्यावरचा
आकडा वरून येतो. बरोबर. आणि तास? ते कोणी बोलतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाचे ९ तास वाढवून १२ करायला मंजुरी दिली. मी टिटवाळ्याहून महापेला येतो. ठाण्याला गाडी बदलायची, घणसोलीला उतरून रिक्षा. घरून निघाल्यापासून परत उंबरठा ओलांडेपर्यंत किती तास होतात ते धरा आणि मग मला लक्षाबद्दल शिकवा. बोट करून बोला म्हणे. रात्री तीन वाजता बोट उचलायला त्राण लागतं.

रबाळे शिफ्ट इन्चार्ज
विषय भरकटवू नका. आठवड्याचे ४८ तास तेच आहेत, वरच्या तासांना दुप्पट दर आहे आणि ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागते. बातमी पूर्ण वाचा.

ठेक्यावरचा
संमती! ठेकेदाराचा माणूस गेटवर पॅड घेऊन उभा असतो. सही केली तर आत, नाही केली तर उद्या येऊ नको. विषय भरकटवतोय म्हणता, पण हाच विषय आहे. तुमच्या काकाला पर्मनंटची नोकरी होती, हॉस्पिटलचं बिल निघालं असेल. आमच्या लाइनवर एकाचा हात भाजला तर त्याला हजेरीवरच दाखवलं नाही.

सानपाडा लोकल
हे फार होतंय. प्रत्येक धाग्यावर ठेकेदारी येते. प्रश्न जुन्या, अनुभवी माणसाचा होता. ठेक्यावर माणूस सहा महिन्यांत बदलतो, तो जुना होतोच कधी?

ठेक्यावरचा
त्याच गेटने, त्याच मशीनवर नऊ वर्षं येतोय. ठेकेदार तीन बदलले. कागदावर मी कायम नवा असतो.

परळची सिस्टर
तुमचं भांडण चालू द्या, माझा मुद्दा रजिस्टरच्या सह्यांवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचंही होतं, आणि मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. मग कॅनडात ओंटारिओमध्ये १०१ रुग्णालयांत यादी लागू केली. २०१४ मध्ये निकाल छापून आला, म्हणावा असा फरक नाही. यादी दोन्हीकडे होती. माझ्या मते फरक ती कोण आणि कशी म्हणतं यात आहे.
वॉर्डात पोटॅशियम क्लोराइड दोघींनी तपासून द्यायचं असतं. एक विचारते, "पोटॅशियम ना?" दुसरी सलाईन लावता लावता म्हणते, "हो, हो." ही तपासणी नव्हे. एकदा आमच्याकडे दोन सीनिअर "हो" म्हणून मोकळ्या झाल्या आणि चुकीचा अँप्युल शिकाऊ मुलीने पकडला, कारण तिला लेबल वाचल्याशिवाय काही कळतच नव्हतं. तेव्हापासून मी कोणालाही "बरोबर आहे ना" विचारत नाही. अँप्युल समोर धरते आणि म्हणते, काय लिहिलंय ते वाच. वीस वर्षांची सिस्टर असली तरी वाचायचं. काहींना राग येतो. येऊ दे.

कळवा कारशेड
सिस्टर, हेच लोकलमध्ये होतं. माझे वडील मोटरमन होते. मुंबईच्या लोकलला एडब्ल्यूएस आहे. सिग्नलची सूचना कॅबमध्ये येते, मोटरमनने बटण दाबून दखल घेतली नाही तर ब्रेक लागतो. छान यंत्रणा आहे, कितीतरी जीव वाचले असतील. पण एका फेरीत एवढे पिवळे सिग्नल मिळतात की बटण दाबणं हीच सवय होते. वडील म्हणायचे, हात दाबतो, मला नंतर कळतं. फिटरसाहेब, तुमच्या प्रत्येक उपायाची उद्या सवयच होणार आहे. बोट दाखवण्याचीसुद्धा.
आणि दंडवाल्यांनाही सांगतो. २८ जून २०१५ ला चर्चगेटला लोकल रुळांच्या टोकाचा बफर तोडून फलाटावर चढली तेव्हा मोटरमन निलंबित झाला आणि आमच्या डब्यातल्या लोकांनी संध्याकाळपर्यंत निकाल लावून टाकला. त्या कॅबमध्ये माणूस एकटा असतो. मेल गाडीत लोको पायलट आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल सांगतात. लोकलच्या मोटरमनने बोट कोणाला दाखवायचं?

मुलुंडचा फिटर
स्वतःला. जपानी चालकही बऱ्याचदा एकटाच असतो. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आणायचे, म्हणून मोठ्याने बोलायचं. सवय होणार हे खरंच आहे, म्हणूनच क्रम बदला म्हणालो. कुठलाही उपाय एकदा लावून विसरायचा नसतो.

सानपाडा लोकल
आणि ते सगळं करायला वेळ कोण देणार? टार्गेट तेच राहणार ना?

मुलुंडचा फिटर
टार्गेट कमी करावंच लागेल. यात दुसरी वाट नाही, आणि ज्याला ते करायचं नाही त्याने कामगाराला बेफिकीर म्हणू नये.

रबाळे शिफ्ट इन्चार्ज
सिस्टरचं "वाच" पटलं. तेवढंच. सोमवारपासून प्रेस चालू करण्याआधी गार्डला हात लावून "गार्ड बंद" म्हणायला लावतो, बघू. पण स्विचला तार दिसली तर मेमो देणारच, तो कितीही जुना असो.

ठेक्यावरचा
मेमो कोणाला? मला की ठेकेदाराला?

रबाळे शिफ्ट इन्चार्ज
तार बांधेल त्याला. कोणी बांधायला सांगितलं ते उत्तरात लिहा, मी वर पाठवीन.

ठेक्यावरचा
लिहून दिलं की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होतो. तुम्ही त्याच गेटवरून जाता, तुम्हाला माहीत आहे.