बुफेमधलं सफरचंद आणि ऑकलंडचं बंदर

'जहाजावरचं सफरचंद आणि सँडविच पिशवीत टाकून ऑकलंडला उतरलं तर काय बिघडतं?' असं विचारलंय. बिघडतं. न्यूझीलंडमध्ये ताजी फळं, मांस, मध जाहीर न करता बंदरावर नेलं तर जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. 'सॅकमध्ये राहून गेलं' ही सबब चालत नाही.

कारण फळमाशी. ती सालीखाली अंडी घालते, त्यामुळे वरून फळ चकचकीत दिसतं. २०१५ साली ऑकलंडच्या ग्रे लिन भागात क्वीन्सलँड फळमाशी सापडली आणि तिथल्या परसातली फळं बाहेर न्यायलाही बंदी आली. फळ तिथल्याच दुकानातून घेतलेलं असलं, तरी एकदा जहाजावर चढलं की परत खाली आणू नका.

तेव्हा उतरण्याआधी सॅकचे बाजूचे कप्पेसुद्धा उलटे करून झटका. कालची केळ्याची साल तिथेच सापडते. उरलेलं केबिनमध्ये खा, नाहीतर जिन्यापाशी ठेवलेल्या डब्यात टाका. सीलबंद बिस्किटांचा सहसा त्रास नसतो. घरचे लाडू, मेथीदाणे, कढीपत्ता मात्र अधिकाऱ्याला आपणहून दाखवा. जाहीर केलेली वस्तू फार तर जप्त होते, दंड लागत नाही.

परत चढताना नियम जहाज कंपनीचे: पाकीटबंद खाऊ बहुधा चालतो, घरी शिजवलेलं बहुधा अडवतात.