केमो नको म्हणणाऱ्यासाठी वर्गणी: द्यायची का?

कृष्णाकाठ
परवा गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक आली. सांगलीच्या विश्रामबागेतलं ओळखीचं घर, बाईंना स्तनाचा कॅन्सर, पसरलेला नाही. मागितलेत ९ लाख. पार खाली लिहिलेलं, "केमो न घेता नैसर्गिक उपचारांसाठी". परराज्यातलं कुठलं तरी केंद्र, २१ दिवस मुक्काम, रस, एनिमा, सलाईनमधून जीवनसत्त्वं. मी पैसे दिले नाहीत. संध्याकाळी कट्ट्यावर ऐकून घेतलं, "दोन हजारानं भिकेला लागला असतास काय?"

येल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास आहे. कॅन्सर न पसरलेले, नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ रुग्ण आणि नेहमीचे उपचार घेतलेले ५६० रुग्ण यांची तुलना. पहिल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून जास्त. हे माहीत असून पैसे टाकायचे?

हळदबाजार
म्हणजे दारात आलेल्या आजारी माणसाला तुम्ही आकडे वाचून दाखवणार. माझ्या वडिलांच्या केमोला रान विकलं. केस गेले, जेवण तुटलं, शेवटी माणूसही गेला. तेव्हा कुणी विचारलं नाही की पैसे योग्य ठिकाणी चाललेत का. शरीर तिचं, ठरवू दे तिला. आणि सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध निघतं की नाही?

मिरजेची सिस्टर
निघतं. व्हिन्क्रिस्टिन. पण दादा, तीच तर केमो! झाडातून वेगळं काढून, शुद्ध करून, पेशंटच्या उंची-वजनावर डोस मोजून शिरेतून देतात. पाला चावून ते होत नाही.

२०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी सांगितलं, कडुलिंब, हळद, लिंबू आणि पथ्यानं बायकोचा कॅन्सर गेला. टाटा हॉस्पिटलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना पत्रक काढावं लागलं. सिद्धूंच्या बायकोचं ऑपरेशन, केमो सगळं झालेलं होतं. आमच्या वॉर्डात नंतर कितीतरी दिवस लोक डब्यात हळद घेऊन यायचे.

हळदबाजार
ताई, हळदीवर तर माझं घर चालतं. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पेढे वाटलेत. तरी हळदीनं कॅन्सर जातो असं गिऱ्हाइकाला आजवर बोललो नाही. मुद्दा वेगळाय. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, तीही उभ्यानं. तिकडं तासभर बसवून ऐकून घेतात. माणूस तिकडं जाणारच की.

मिरजेची सिस्टर
यावर माझ्याकडं उत्तर नाही. खरं आहे ते.

वकीलसाहेब
कायद्याचं थोडं. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात ज्या रोगांच्या उपचारांची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत कॅन्सर आहे. त्या उपचार केंद्राला पकडता येईल. पण रुग्णाच्या बहिणीनं रडत लिहिलेली गोष्ट जाहिरात म्हणायची का? घोडं तिथंच पेंड खातं. ब्रिटनमध्ये 'गुड थिंकिंग सोसायटी' या संस्थेनं २०१८ मध्ये मांडलेला हिशेब असा: २०१२ पासून पर्यायी कॅन्सर उपचारांसाठी ऑनलाइन वर्गणीतून सुमारे ८० लाख पौंड गोळा झाले. वर्गणी गोळा करणाऱ्या साइटनं उपचाराचं नाव आणि खात्याचा मालक तरी ठळक छापावा. पैसे रुग्णाच्या हातात जातात की थेट केंद्राला, देणाऱ्याला कळलं पाहिजे.

हळदबाजार
हे पटलं. देऊ नका म्हणणं पटत नाही.

कृष्णाकाठ
आज सकाळी त्यांच्या घरी जाऊन आलो. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, कॅन्सरचेही, हे सांगितलं. नवऱ्याला माहीत होतं! दीड लाख त्या केंद्राला आगाऊ भरून झालेत, परत मिळणार नाहीत म्हणे. बाई एवढंच म्हणाल्या, "आईची केमो मी उशाशी बसून बघितलीय." पुढं मला बोलताच येईना.

मिरजेची सिस्टर
आईची केमो कोणत्या साली? आता उलटीवर बरीच चांगली औषधं आहेत. त्यांना दवाखान्यात आणायची घाई नको. रविवारी मला सुट्टी आहे, मीच घरी येते. बायोप्सीचा कागद तेवढा काढून ठेवा.

हळदबाजार
मी पाच हजार टाकलेत, परत मागणार नाही. रविवारी मिरजेहून आणायला गाडी लागली तर सांगा.