दिल्लीचं मादाम तुसाँ: कनॉट प्लेस की नोएडा?

दिवाळीत नागपूरहून आई-बाबा अन् सहा वर्षांच्या पोरीला घेऊन दिल्लीला जातोय. मेणाचे पुतळे नेमके कुठे? फोटोसाठी काही युक्ती?

उत्तर: कनॉट प्लेसला जाऊ नका भाऊ. तिथल्या रीगल इमारतीतलं २०१७ चं म्युझियम बंद झालं. २०२२ पासून ते नोएडात, डीएलएफ मॉल ऑफ इंडियात आहे. नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रोची यलो लाइन, पुढचंच स्टेशन राजीव चौक, तिथे ब्लू लाइन. गाडीवरची पाटी वाचूनच चढा! यमुना बँक स्टेशनला मार्ग फुटतो. वैशालीच्या गाडीत बसलात तर गेलात भलतीकडे. उतरायचं सेक्टर १८ ला.

उत्तर: फ्लॅश बंद. मेणावर उजेड परततो, नाक-कपाळ पांढरंफटक येतं. पुतळ्याची नजर एकाच बिंदूवर खिळलेली असते, म्हणून आधी फोन डावी-उजवीकडे, वर-खाली सरकवून बुबुळं भिडतात ती जागा शोधा, मग माणसं उभी करा. बहुतेक जण उलटं करतात अन् हिरो भिंतीकडे बघताना दिसतो.

उत्तर: पोरीला चेहरा, केस चोळू देऊ नका. केस एकेक करून खोवलेले असतात, कातडीचा रंग थरांवर थर देऊन चढवतात. अन् पुतळा अगदी खऱ्या मापाचा वाटला तर नवल नाही. मेण थिजताना आकसतं, म्हणून त्याचा मूळ नमुनाच सुमारे २ टक्के मोठा घडवतात.