मदत हवी आहे: खलनायक नसलेल्या लघुपटाला व्लादिमीर प्रॉपची कथा-मांडणी कशी लावू?

नमस्कार मंडळी. मी जळगावला मास मीडिया शिकतेय. प्रकल्पासाठी आमच्याच गटाच्या अहिराणी लघुपटाचं कथन-विश्लेषण करायचंय. लोककथांचा अभ्यासक व्लादिमीर प्रॉपनं १९२८ मध्ये रशियन परीकथांवरून ३१ कार्यं (कथा पुढे नेणाऱ्या पात्रांच्या कृती) आणि ७ पात्रप्रकार मांडले, ते समजलं. पण आमच्याकडे खलनायकच नाही! वादळानं केळीची बाग आडवी झालीय, घड मातीत लोळताहेत आणि बाप-लेक पंचनाम्याची वाट बघत बांधावर बसलेत. वादळालाच खलनायक धरायचं, की प्रॉपनं खलकृत्याला पर्याय म्हणून दिलेली ‘उणीव’ (कशाची तरी कमतरता, जी भरून काढायला कथा सुरू होते) घ्यायची? मला कथन-अभ्यासक तोदोरोव्हची संतुलनाची मांडणी (आधी संतुलन, मग ते बिघडणं, शेवटी नवं संतुलन) जास्त पटते, पण इथं शेवटी नवं संतुलन येतच नाही. शिवाय वादळ दिसतं अगदी शेवटी. मग फाबुला (घटना घडल्या तो क्रम) आणि स्युझेत (त्या दाखवल्या तो क्रम) यांतला भेद आधी मांडू का? जाणकारांनी कृपया सांगा, लवकर जमा करायचंय.