स्मार्ट चष्मा की ढापण?

चाळीसगाव : परवा लग्नात पुण्याहून आलेला भाचा जाड काड्यांचा चष्मा घालून मिरवत होता. आत्याबाई म्हणाल्या, "तुना डोयाले काय व्हयनं रे भाऊ?" डोळ्याला काही झालं नव्हतं. चष्म्यात कॅमेरा होता, आणि आत्याबाईंचा जेवतानाचा व्हिडिओ निघूनही गेला होता. याला मराठीत काय म्हणावं? 'चतुर उपनेत्र' कृपया कोणी सुचवू नका.

धुळे : 'चष्मा'च राहू द्या. फारसीत चश्म म्हणजे डोळा. कॅमेरा बसल्यावर तर तो खराच डोळा झाला.

अमळनेर : 'चाळिशी' कशी वाटते? तुमच्या गावालाही शोभेल!

चाळीसगाव : गाव राहू द्या. चाळिशी लागते जवळचं वाचायला. फेसबुकवाल्या मेटाने 2025मध्ये 799 डॉलरचा चष्मा आणला, त्याच्या उजव्या भिंगात अक्षरं उमटतात. अशी अक्षरं डोळ्यापुढेच असली, तरी काही हात लांब असल्यासारखी दिसतात. म्हणजे पन्नाशीचा माणूससुद्धा ती चाळिशीविना वाचेल.

पारोळा : ढापण म्हणा. टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांच्या बाजूला बांधतात ते. शाळेत चष्मेवाल्याला 'ढापण्या' चिडवायचे, मीही ते सोसलंय. शिवाय ढापणे म्हणजे उचलणे, लांबवणे. आत्याबाईंचा व्हिडिओ ढापलाच ना भाच्याने?

धुळे : पण ढापण कमी दाखवतं, हा चष्मा जास्त.

पारोळा : भिंगात मेसेज वाचत चाललेल्याला बाजूची रिक्षा किती दिसते, सांगा.

चाळीसगाव : हे पटलं. गूगल ग्लास ही चष्म्यासारखीच चीज 2013मध्ये 1,500 डॉलरला निवडक लोकांना मिळाली, तेव्हा इंग्रजीत तिच्या वापरकर्त्यांसाठी 'ग्लासहोल' ही शिवीच तयार झाली. 2015मध्ये ती विक्री थांबली, शिवी मात्र उरली. आपल्याकडे 'ढापण्या' आयता आहे, नवीन घडवायची गरज नाही. भाच्याचं म्हणणं, चित्रण चालू असताना काडीजवळ बारीक दिवा लागतो. मांडवातल्या लखलखाटात तो आम्हा कोणालाच दिसला नाही. आत्याबाईंना तर दिवा म्हणजे काय इशारा, हेच माहीत नव्हतं.

अमळनेर : ठीक. पण 'ते ढापण' की 'ती ढापणी'? आमच्या घरात दोन्ही ऐकलंय.

पारोळा : घोड्याचं ते ढापण. भाच्याची ढापणी करा, म्हणजे घोटाळा नको.